मैलामागे १२८० फेरे

इंग्लंडातील ॲबिंग्डन येथील एमजी कारखान्याने १९४५ ते १९४९ या काळात बांधलेल्या ‘टीसी’ या दोन आसनी मोटारीत चालकाच्या जागी बसून समोर पाहिले, तर नवख्या माणसास प्रथम एक कोडे पडते. गाडीचा वेग सांगणारी तबकडी त्याच्यापुढे नसून शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर असते. त्याच्या स्वतःच्या दृष्टीच्या टप्प्यात असते ती इंजिन मिनिटाला किती फेरे घेत आहे हे दाखवणारी तबकडी, म्हणजे टॅकोमीटर, आणि तिच्याच पोटात एक चिमुकले घड्याळ. ही मांडणी करणाऱ्यांनी चालकाविषयी एक ठाम मत बाळगले होते: खऱ्या चालकास इंजिनाची अवस्था कळली पाहिजे, वेगाची चौकशी करण्याचे काम सोबत बसलेल्याने करावे. परंतु मार्च १९३५ पासून ब्रिटनमध्ये वस्तीच्या हद्दीत ताशी ३० मैलांची मर्यादा कायद्याने मुकरर झाली होती, आणि पोलिसाने अडवल्यावर ‘काटा माझ्यासमोर नव्हता’ ही सबब चालण्यासारखी नव्हती. तेव्हा कारखान्याने एक तडजोड काढली. फळीवर एक हिरवा दिवा बसवला, आणि गाडी ताशी २० मैलांवर गेली की तो लागावा व ३० मैल ओलांडले की विझावा, अशी विजेची जोडणी स्पीडोमीटरच्या अंतर्भागातच करून ठेवली. आज एखाद्या टीसीत तो दिवा आहे पण लागत नाही, किंवा दिवा लागण्याची सोयच नसलेला स्पीडोमीटर तिथे बसवलेला आहे, असे दिसले म्हणजे जाणकार माणूस गाडीच्या चकचकीत रंगाकडे पाहणे थांबवतो आणि मालकाला प्रश्न विचारू लागतो.

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींच्या दुनियेत इंजिनाचा क्रमांक, चॅसिसचा क्रमांक आणि रंगाची मूळ छटा यांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. त्या मानाने डॅशबोर्डवरील मापकांची उपेक्षा होते. वास्तविक गाडीच्या पूर्वेतिहासाची जितकी विश्वसनीय कैफियत ही चार-पाच वर्तुळे देतात, तितकी दुसरा कोणताही भाग देत नाही. याचे कारण असे की पत्रा पुन्हा ठोकता येतो, चामडे पुन्हा शिवता येते, इंजिन संपूर्ण नवे करूनही त्याचा क्रमांक कायम ठेवता येतो. परंतु मापक हे एका विशिष्ट गाडीच्या विशिष्ट गिअरबॉक्सशी, टाकीशी आणि विद्युत्-रचनेशी जुळवून घडवलेले असते. ते एका गाडीतून काढून दुसरीत बसवले, तर बहुधा बसते. मात्र ते खरे बोलत नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा नाकावर नीट बसला म्हणून काही अक्षरे नीट दिसत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

या मापकांचा जन्म मोटारीच्या धंद्यात न होता घड्याळांच्या धंद्यात झाला. सॅम्युएल स्मिथ नावाच्या गृहस्थाने १८५१ मध्ये दक्षिण लंडनमधील न्यूइंग्टन कॉजवे येथे जडजवाहीर आणि घड्याळे यांचे दुकान थाटले. पुढे त्याच पेढीने विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींसाठी गतिमापक करण्यास सुरुवात केली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उत्तर-पश्चिम लंडनमधील क्रिकलवुड येथे तिचा प्रचंड कारखाना उभा राहिला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेला मनगटी घड्याळे पुरवणाऱ्यांत याच स्मिथ्सचे नाव होते, एवढे सांगितले म्हणजे त्या पेढीचा मूळ पिंड ध्यानात येतो. दुसरे नाव वारंवार भेटते ते ‘जेगर’ हे. पॅरिसच्या जेगर घराण्याची एक शाखा लंडनमध्ये निघाली होती. १९२७ मध्ये स्मिथ्सने तिचा ताबा मिळवला आणि नाव मात्र कायम राखले. म्हणून टीसीच्या किंवा ट्रायम्फ टीआर-२ च्या तबकडीवर ‘जेगर’ अशी अक्षरे दिसली तरी ते उपकरण परदेशातून आणले असा ग्रह करून घेण्याचे कारण नाही. ते स्मिथ्सच्याच छत्राखाली घडलेले असते. विक्रेते मात्र ‘जेगर’ या नावासाठी अधिक पैसे मागतात, आणि जॅग्वार ई-टाइपसारख्या अतिशय महागड्या गाडीच्या तबकड्यांवर साधे ‘स्मिथ्स’ छापलेले असते, याची त्यांना कोणी आठवण करून दिलेली आवडत नाही.

घड्याळजीचा हात सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘क्रोनोमेट्रिक’ पद्धतीच्या उपकरणांत. टीसीची दोन्ही मोठी मापके या जातीची आहेत. नॉर्टन, ट्रायम्फ या मोटरसायकलींवरही साठच्या दशकाच्या आरंभापर्यंत हीच जात नांदत होती. तिच्या पेटीत खरोखरीचे तोलचक्र असते, घड्याळासारखे पुढे-मागे झुलणारे. गिअरबॉक्सकडून येणारी केबल आतील चक्रे फिरवते. तोलचक्र एक ठराविक, अत्यल्प कालावधी मोजून देते. तेवढ्या अवधीत केबल जितकी फिरली तितके एक दातेरी चक्र पुढे सरकते, त्या चक्राची स्थिती काट्याला कळवली जाते, आणि लगेच नवी मोजदाद सुरू होते. म्हणजे हे उपकरण वेगाचा अंदाज करीत नाही, शब्दशः गणना करते. सबब त्याचा काटा सरळ चढत नाही. तो टप्प्याटप्प्याने, किंचित झटका देत सरकतो आणि दोन झटक्यांच्या मधे निश्चल उभा राहतो. ज्याने हे पूर्वी पाहिलेले नाही त्यास उपकरण बिघडले असे वाटते, आणि असे निकोप क्रोनोमेट्रिक मापक ‘दुरुस्ती’साठी अजाण हातात सोपवून कायमचे गमावल्याचे प्रकार या क्षेत्रात घडलेले आहेत. जुन्या मोटारीच्या जाहिरातीत चित्रफीत दाखवली असेल तर मी तरी प्रथम त्या काट्याची चाल पाहतो. टीसीचा काटा लोण्यासारखा वर चढत असेल, तर पेटीतील यंत्रणा बदललेली आहे हे निश्चित समजावे.

ही पद्धत महाग होती आणि तिच्या दुरुस्तीला घड्याळजीचे कसब लागत होते. त्यामुळे मोटारींच्या बाबतीत पन्नासच्या दशकात चुंबकीय पद्धतीने तिला हटवले. चुंबकीय गतिमापकाची कल्पना तशी जुनी, ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली. केबलच्या टोकाशी चुंबक फिरतो. त्याच्याभोवती, त्याला कोठेही स्पर्श न करता, ॲल्युमिनिअमची हलकी वाटी टांगलेली असते. फिरत्या चुंबकामुळे त्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्-प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक कमान तिला मागे खेचते. आणि या दोन ओढींच्या समतोलावर काटा थांबतो. रचना सोपी, भाग थोडे, चाल सुरेख. परंतु हिचे सारे सत्य दोन नाजूक गोष्टींवर अवलंबून आहे: चुंबकाची शक्ती आणि कमानीचा ताण. चाळीस-पन्नास वर्षांत चुंबक क्षीण होतो आणि काटा कमी वेग दाखवू लागतो. यावर कुशल कारागीर चुंबकाला पुन्हा हव्या तेवढ्या प्रमाणात चुंबकत्व देऊन, तपासयंत्रावर ठराविक फेऱ्यांनी चालवून काटा जागेवर आणतो. अकुशल माणूस काटा उपटतो आणि अंदाजाने थोडा पुढे बसवतो. दुसऱ्या उपायाने ताशी ३० मैलांवर मेळ बसतो आणि ७० वर तो साफ चुकतो, कारण दोष आरंभबिंदूत नसून प्रमाणात असतो.

आता ओळख पटवण्याकडे वळू. स्मिथ्सच्या तबकडीवर खालच्या कडेला अतिबारीक अक्षरांत एक संकेतांक छापलेला असतो, आणि बहुतेक मालक आयुष्यभर तो वाचत नाहीत. ‘एसएन’ या अक्षरांनी आरंभ होत असेल तर ते स्पीडोमीटर. ‘आरएन’ असेल तर केबलने चालणारा टॅकोमीटर. ‘आरव्हीआय’ असेल तर इग्निशनच्या विद्युत्-प्रवाहावर चालणारा, आणि ‘आरव्हीसी’ असेल तर त्यानंतरच्या पिढीचा. अक्षरांपुढे चार अंक, मग तिरपी रेघ आणि आणखी दोन अंक. स्पीडोमीटरवर याशिवाय एक स्वतंत्र आकडा असतो, उदाहरणार्थ १२८० किंवा १०००, आणि तोच माझ्या मते संपूर्ण डॅशबोर्डवरील सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. केबल इतके फेरे फिरली म्हणजे गाडीने एक मैल कापला, असा त्याचा अर्थ. मागच्या धुरीचे गुणोत्तर बदलले, ओव्हरड्राइव्ह आला, चाकांचा आकार बदलला की हा आकडा बदलतो. म्हणून बाहेरून जुळ्या बहिणींसारखे दिसणारे दोन स्पीडोमीटर परस्परांच्या गाडीत निरुपयोगी ठरतात. एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत पाच लाखांवर निघाली, तिच्या गिअरबॉक्सच्या आवृत्त्या बदलत गेल्या, आणि तिच्या स्पीडोमीटरांची अदलाबदल आज सर्वांत अधिक झालेली आढळते, ती यामुळेच.

गाडी आणि तिचा स्पीडोमीटर यांचे जुळते की नाही याची खातरजमा करण्यासाठी कारखान्याच्याच दुरुस्ती-पुस्तकात एक रीत दिलेली आहे आणि ती इतकी नेटकी आहे की तिचे वर्णन करण्याचा मोह आवरत नाही. स्पीडोमीटरच्या मागून केबल सोडवावी. तिच्या आतील तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा लहानसा काटा टोचावा. गिअर मोकळा ठेवून गाडी सरळ रेषेत हाताने ढकलावी, आणि मागचे चाक बरोबर सहा फेरे फिरेपर्यंत पुठ्ठ्याचा काटा किती फिरला ते, फेऱ्याच्या अपूर्णांकासह, मोजावे. मग चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर इंचांत मापावे. काट्याच्या फेऱ्यांना १६८० ने गुणून या अंतराने भागले की मैलामागील फेरे मिळतात. १६८० हा आकडा आकाशातून पडलेला नाही: मैलात ६३,३६० इंच असतात, त्यांना चाकाच्या सहा परिघांतील गुणकाने भागले की तोच उरतो. समजा अंतर साडेअकरा इंच भरले आणि पुठ्ठा पावणेनऊ फेरे फिरला. उत्तर सुमारे १२७८ येते, आणि तबकडीवर १२८० छापले असेल तर त्या दोघांचे लग्न कारखान्यात झाले होते किंवा निदान कोणी जाणत्याने पत्रिका पाहून लावले होते, असे मानण्यास हरकत नाही. उत्तर हजाराच्या आसपास आले तर मात्र गाडीच्या मालकाने सांगितलेल्या एकूण मैलांवरही विश्वास ठेवू नये, कारण मैलांची चाके त्याच केबलवर फिरत आली आहेत.

टॅकोमीटरची ओळख याहून सोपी आहे, कारण त्याचा उगम कोठे आहे हे इंजिनापाशी वाकून पाहता येते. टीसीमध्ये आणि पुढे पहिल्या ऑस्टिन-हीली स्प्राइटमध्ये त्याची केबल डायनॅमोच्या पाठीमागून निघते; टीआर-२ मध्ये डिस्ट्रिब्यूटरच्या बैठकीतून; एमजीएमध्ये कॅमशाफ्टवरून. आरंभीच्या ई-टाइपमध्ये केबलच नाही. कॅमशाफ्टच्या मागील टोकाला एक लहान विद्युज्जनक बसवलेला आहे आणि टॅकोमीटर हा वस्तुतः त्याचा व्होल्टमीटर आहे. एमजीबीत १९६४ च्या उत्तरार्धात पाच बेअरिंगांचे इंजिन आले, त्या वेळी केबलचा टॅकोमीटर जाऊन विद्युत् टॅकोमीटर आला. म्हणजे १९६३ च्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या एमजीबीत ‘आरव्हीआय’ अक्षरे दिसली, तर एक तर इंजिन नंतरचे आहे, किंवा डॅशबोर्ड, किंवा कागदपत्रे.

या ‘आरव्हीआय’ टॅकोमीटरची एक खोड ठाऊक असावी. त्याच्या पाठीवर एका प्लास्टिकच्या तुकड्याभोवती इग्निशनची पांढरी तार एका विशिष्ट दिशेने वळसा घालून नेलेली असते. तिच्यातून कॉइलकडे जाणाऱ्या प्रवाहाचे ठोके आतील परिपथ मोजतो. त्या काळातील ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक शरीराला जोडण्याचा शिरस्ता होता. एमजीबीत तो १९६७ च्या अखेरीस बदलून ऋण टोक जोडले जाऊ लागले. टॅकोमीटरच्या तबकडीवरच धन की ऋण हे बारीक अक्षरांत छापलेले असते. पुष्कळ मालकांनी नंतर रेडिओ किंवा अल्टरनेटर बसवण्यासाठी बॅटरीची जोडणी उलटी केली. त्यांच्यापैकी ज्यांनी टॅकोमीटरच्या आतील जोडणी आणि त्या पांढऱ्या तारेचा वळसा दोन्ही उलटे केले त्यांचा काटा चालतो, इतरांचा शून्यावर मुक्काम करतो. तबकडीवर धन आणि बॅटरीवर ऋण असा विरोध दिसला म्हणून लगेच उपकरण परके ठरवू नये. ते मूळचेच असून केवळ त्याची आतील जोडणी बदललेली असण्याचा संभव अधिक. अशा वेळी तबकडीवरचे शब्द खोडून नवे छापून घेणारे महाभाग भेटतात. त्यांना माझा विरोध आहे. मागच्या बाजूस एक चिठ्ठी चिकटवून काम भागते.

लहान मापकांकडे वळले की यंत्रशास्त्राचा एक वेगळाच, काहीसा स्वयंपाकघराकडे झुकणारा प्रांत लागतो. एमजीए, ऑस्टिन-हीली आणि आरंभीच्या एमजीबीत तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान ही दोन मापके एकाच वर्तुळात, वर-खाली अशी बसवलेली असत. दोन्ही विजेवाचून चालतात. तेलाच्या अर्धात इंजिनातील तेल खरोखरच एका बारीक नळीने डॅशबोर्डपर्यंत येते आणि तेथे फ्रेंच यंत्रज्ञ बूर्दाँ याने १८४९ मध्ये पेटंट घेतलेल्या वाकड्या चपट्या नळीला सरळ करू पाहते. ती सरळ होण्याच्या प्रयत्नात काटा हलतो. पाण्याच्या अर्धात मात्र एक संपूर्ण बंद विश्व आहे: इंजिनाच्या माथ्यात खुपसलेला पितळी गोळा, त्यात थोडेसे ईथर, आणि तेथपासून काट्यापर्यंत केसाइतके बारीक छिद्र असलेली तांब्याची अखंड नळी. पाणी तापले की ईथरची वाफ होते, वाफेचा दाब वाढतो आणि काटा सरकतो. ही नळी गाडीच्या आयुष्यात एकदा जरी मोडली, तरी ईथर उडून जाते आणि काटा कायमचा खाली पडतो. म्हणून अशा गाडीचे इंजिन काढताना तो गोळा आधी सोडवावा ही साधी गोष्ट जो विसरतो, त्यास तिची किंमत पुढे वर्षभर मोजावी लागते.

मोडलेल्या नळीवर एक घरगुती उपाय प्रचलित आहे. एखादे स्वस्त, त्याच तत्त्वावर चालणारे नवे मापक आणून त्याचा ईथरने भरलेला गोळा बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात पुरता गार करावा. आत दाब उरला नाही म्हणजे नळी कापावी. जुन्या मापकाच्या उरलेल्या नळीशी ती एका बाहेरच्या पितळी नळकांड्यात जोडून जलद डाख द्यावा, आणि मग गोळा हळूहळू उबदार होऊ द्यावा. ईथर ३५ अंशांच्या आतच उकळते आणि ठिणगीचे त्याला निमित्त पुरते, तेव्हा हा उद्योग उघड्या हवेत, ज्योतीऐवजी विजेच्या तापत्या लोखंडाने करावा. आणि ज्याच्या हातास डाख देण्याची सवय नाही त्याने तो करूच नये, व्यावसायिकाकडे सोपवावा.

पेट्रोलचे मापक चौसष्टपूर्वी आणि चौसष्टनंतर अशा दोन स्वभावांचे आढळते, निदान एमजीबीपुरते. पहिल्या जातीचा काटा दोन चुंबकीय वेटोळ्यांच्या ओढाताणीत राहतो आणि वळणावर टाकीतील पेट्रोल हेलकावले की तोही हेलकावतो. दुसऱ्या जातीत दोन धातूंची जोडपट्टी विजेने तापून वाकते, आणि चावी फिरवल्यावर काटा संथपणे, विचार करीत वर येतो. या दुसऱ्या जातीला बॅटरीचा चढउतार सोसत नाही, म्हणून डॅशबोर्डमागे काड्यापेटीपेक्षाही लहान असा एक नियंत्रक असतो जो प्रवाह सतत जोडून-तोडून सरासरी १० व्होल्ट राखतो. एके दिवशी पेट्रोलचा काटा अवाजवी उदार झाला, निम्मी टाकी असता भरल्यासारखी दाखवू लागला, तर मापकाचा बळी देण्यापूर्वी या नियंत्रकाच्या डबीचा गाडीच्या पत्र्याशी संपर्क शाबूत आहे की नाही हे पाहावे. गंजामुळे तो तुटला की मापकाला १० ऐवजी संपूर्ण बॅटरी मिळते. किती चांगली, अस्सल मापके या एका स्क्रूखालच्या गंजापायी काढून टाकली गेली असतील याची गणती नाही.

देखभालीची बाकीची कलमे थोडक्यात सांगता येतील. मापकाच्या काचेभोवतीच्या कड्याखाली चपटे हत्यार घालून ते उचकटू नये. कड्याच्या मागील बाजूस लहान जिव्हा असतात, कडे फिरवून त्या पेटीच्या खाचांसमोर आणल्या की ते आपोआप निघते, आणि जुने रबर चिकटल्यामुळे फिरत नसेल तर ऊब द्यावी, बळ देऊ नये. केबलला वळण द्यावे तर निदान सहा इंच त्रिज्येचे. वंगण आतील तारेला कंजूषपणाने लावावे, आणि बसवल्यावर वरचे सुमारे आठ इंच बाहेर ओढून ते पुसून कोरडे करावे, कारण फिरती तार वंगणाला वर चढवते, ते चुंबकाच्या वाटीत उतरते आणि मग काटा थंडीच्या सकाळी कमाल वेगावर जाऊन चिकटतो. आतला दिवा २.२ वॅटचाच असावा. अधिक प्रखर बल्ब लावून रात्री तबकडी उजळवण्याची हौस असते खरी. पण तापाने पेटीच्या आतला पांढरा रंग पिवळतो, हिरवी-निळी खिडकी वितळते, आणि जिच्यासाठी हा खटाटोप केला ती तबकडीच फोडांनी भरते.

आणि याच ठिकाणी मी जुनी तबकडी जशीच्या तशी ठेवावी की नवी करावी या मूळ वादाशी येतो. हॅम्पशायर परगण्यातील ब्यूली येथे दर सप्टेंबरात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा एक विराट बाजार भरतो. १९६७ पासून ही परंपरा आहे आणि तेथील मोटार-संग्रहालयाच्या आवारात मैदानेच्या मैदाने फळ्यांनी, ताडपत्र्यांनी आणि खोक्यांनी व्यापून जातात. तेथे मापकांच्या टोपल्यांपाशी थोडा वेळ उभे राहिले की दोन संप्रदाय स्पष्ट दिसतात. एक माणूस काळवंडलेली, कडेला गंज चढलेली, अंकांचा पांढरा रंग हस्तिदंताकडे झुकलेली तबकडी उचलतो, भिंग लावून संकेतांक वाचतो, आणि ती जशी आहे तशी कागदात गुंडाळून घेतो. दुसरा तीच घेतो ती तिचा चेहरा पुन्हा छापून घ्यावा या हेतूने. दुसऱ्याची बाजू पूर्णतः निराधार नाही. तो म्हणेल की गाडीचे बाकी सारे अंग नवे केले, पत्रा रंगवला, चामडे शिवले, मग एकट्या तबकडीनेच म्हातारे का दिसावे? यावर माझे उत्तर असे की पत्रा गंजला तर गाडी उभी राहत नाही, चामडे फाटले तर बसता येत नाही. परंतु अंक पिवळसर झाले म्हणून वेग कळेनासा होत नाही. यंत्रणा हवी तितकी नवी करावी, कमान बदलावी, चुंबक पुन्हा भरावा, कारण रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे मापक खोटे बोलत असेल तर त्याचे प्राचीनत्व काय कामाचे; चेहऱ्याला मात्र हात लावू नये. नव्या छपाईत अंकांची जाडी बदलते, अक्षरांमधील अंतर बदलते, काळा रंग मूळच्या मंद काळ्याऐवजी चमकदार होतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे छापणारा जो संकेतांक समोर असेल तोच छापतो. मग १२८० फेऱ्यांच्या यंत्रणेवर १००० चा चेहरा बसतो, आणि तो पुसता न येणारा दस्तऐवज होऊन बसतो.

दप्तराचा आधार यात फारसा मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. वॉरविकशायरमधील गेडन येथील ब्रिटिश मोटार संग्रहालयात एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ इत्यादी कारखान्यांच्या उत्पादन-नोंदी जपून ठेवल्या आहेत आणि मालकाने अर्ज केल्यास गाडीचा दाखला मिळतो: चॅसिस आणि इंजिन यांचे मूळ क्रमांक, रंग, बांधणीची तारीख, कोणत्या देशाकडे रवाना झाली. पण त्या दाखल्यात मापकांचे संकेतांक नसतात. कारखान्याच्या लेखी ते सुटे जिन्नस होते. उपयोगी पडतात ती सुट्या भागांची छापील पुस्तके, ज्यांत अमुक चॅसिस क्रमांकापर्यंत हे मापक आणि अमुकपासून ते, अशा सीमा दिलेल्या असतात. दाखला आणि भागांचे पुस्तक शेजारी ठेवून तबकडी वाचली तर बहुतेक खटले तेथेच निकालात निघतात.

एका बाबतीत मात्र संग्राहकाच्या कडव्या निष्ठेला मुरड घालावी लागते. महायुद्धापूर्वीच्या काही उपकरणांचे अंक आणि काटे अंधारात उजळावेत म्हणून रेडियमयुक्त रंगाने भरलेले असत. तो रंग आज चमकत नाही. चमकणारे जस्ताचे संयुग केव्हाच निकामी झाले, परंतु रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे, ते अद्याप पूर्ण जोमात आहे. काचेआड बंद असता त्यापासून होणारा धोका अल्प. काच काढून सुकलेला रंग खरवडला आणि त्याची धूळ श्वासात गेली तर मात्र प्रकरण गंभीर. तपकिरी, फुगीर, भेगाळलेला रंग दिसला की घरी पेटी उघडू नये, एवढा नियम निरपवाद मानावा.

आपल्याकडे मुंबईत-पुण्यात जुन्या मोटारींच्या मिरवणुकी निघतात, त्यांतल्या ब्रिटिश दोन आसनी गाड्यांत निराळ्याच प्रकारच्या कथा वाचायला मिळतात. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या दशकांत मूळ मापक बिघडले तर नवे मागवण्याची सोय नव्हती. गॅरेजवाल्याने जे हाताशी होते ते बसवले, आणि ॲम्बॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डचीच भारतीय आवृत्ती असल्यामुळे तिचे मापक थोडे कानस मारून त्या भोकात बसूनही गेले. मुंबईच्या दमट, खारट हवेने काचेच्या आतून बुरशीची जाळी विणलेल्या तबकड्या मी पाहिल्या आहेत. असे बदललेले मापक मूळचे नव्हे हे उघड आहे. तरीही त्या गाडीने येथे काढलेल्या आयुष्याचा तो खरा पुरावा आहे, आणि इंग्लंडातून अस्सल जोड मिळवून बसवल्यावर जुने फेकून न देता खोक्यात नावनिशीवार ठेवावे असे मला वाटते. मैलांची तबकडी मात्र किलोमीटरची करून घेऊ नये. रस्त्यावरचे दगड बदलले म्हणून गाडीने आपली जबानी का बदलावी?

आता नव्या मापकांचा प्रश्न उरतो. दक्षिण वेल्समधील स्वॉन्झी खोऱ्यात केअरबाँट येथील एक कारखाना स्मिथ्सच्या नावाने जुन्या धाटणीची मापके आजही तयार करतो. त्यांची बांधणी चांगली असते, काटे खरे दाखवतात, आणि मूळ मापक हरवलेलेच असेल तर ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही. माझी अट एवढीच, की विक्रीच्या कागदावर ती नवी आहेत हे लिहिलेले असावे, आणि मैलांची चाके बदलताना जुन्या मापकावर शेवटचा आकडा किती होता, तो कोणत्या तारखेस थांबला आणि त्या तबकडीवर मैलामागे किती फेरे छापलेले होते, या तीन गोष्टी गाडीच्या कागदपत्रांत मालकाच्या सहीनिशी नोंदलेल्या असाव्यात.